ला रासाची माणसं

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेचा फॉर्म येतो, तेव्हा एडिसनमधलं किंवा फ्रीमाँटमधलं मराठी घरही एका प्रश्नापाशी क्षणभर थबकतं. तुमचा वंश कोणता, हे विचारण्याच्या आधीच फॉर्म विचारतो की ही व्यक्ती हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मूळची आहे का. मराठी माणूस ‘नाही’वर खूण करतो आणि खाली ‘एशियन इंडियन’चा चौकोन शोधतो. (आडनाव फर्नांडिस असलेल्या गोवेकराला ही ‘नाही’ची खूण तिथल्या ओळखीपाळखीच्यांना समजावून सांगावी लागत असेल, तर नवल नाही.) हे दोन्ही रकाने जनगणनेच्या सर्वसाधारण फॉर्मवर एकाच साली आले, १९८० मध्ये. दोन्हींसाठी कुणी ना कुणी सरकारदरबारी खेटे घातले होते.

हिस्पॅनिक रकान्यासाठी खेटे घालणाऱ्यांत एक संघटना पुढे होती, नॅशनल काउन्सिल ऑफ ला रासा. आज तिचं नाव उनिदोस-यूएस. अमेरिकेत या समाजाच्या संघटना पुष्कळ आहेत, पण हिच्या पुढाऱ्यांची घरं, शाळा आणि नोकऱ्या पाहत गेलं की संघटनेने कोणत्या काळात काय मागितलं याचा उलगडा होत जातो. शेतमजुरांच्या छावणीत राबलेल्याने पिण्याचं पाणी मागितलं. व्हाइट हाउसच्या कचेरीतून आलेल्या वकीलबाईंनी विधेयक मागितलं.

त्याआधी: कॉर्पस क्रिस्टीचा दवाखाना

गोष्ट टेक्ससमध्ये सुरू होते. १९२९ च्या फेब्रुवारीत कॉर्पस क्रिस्टी या बंदराच्या गावी तीन लहान संघटना एकत्र आल्या आणि लीग ऑफ युनायटेड लॅटिन अमेरिकन सिटिझन्स, म्हणजे लुलॅक, उभी राहिली. पहिले अध्यक्ष बेन गार्सा हे खानावळीचे मालक. सोबत आलोन्सो पेरालेस आणि जे. टी. कानालेस हे वकील. कानालेस यांनी तर १९१९ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळात बसून तिथल्या रेंजर पोलिसांच्या अत्याचारांची चौकशी लावली होती. दुकान, वकिली आणि थोडीफार मिळकत असलेल्या या माणसांचा सूर एकच होता: आम्ही नागरिक आहोत, आम्हाला नागरिकासारखं वागवा. सभासदत्व फक्त अमेरिकन नागरिकांना होतं आणि संघटनेची अधिकृत भाषा इंग्रजी होती. आज हे खटकतं. पण ज्या गावांत मेक्सिकन मुलांची शाळा वेगळी आणि पोहण्याचा तलाव बंद, तिथे नागरिकत्वाचा कागद एवढंच त्यांच्या हातातलं हत्यार होतं.

याच गावात दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. हेक्टर गार्सिया यांनी दवाखाना थाटला. जन्म १९१४ चा, मेक्सिकोतल्या तामाउलिपास प्रांतातला. क्रांतीच्या धामधुमीत कुटुंब सीमा ओलांडून टेक्ससच्या मर्सेडिस गावी आलं. आईवडील मेक्सिकोत शिक्षक होते. इकडे त्या शिक्षणाला किंमत नव्हती, म्हणून वडील दुकान चालवू लागले. कॉलेजला जायला हेक्टर रस्त्यावर उभा राहून रोज तीस मैल येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाडीतून जाई. या घरातली सहा भावंडं डॉक्टर झाली. हेक्टर यांना वैद्यकीय पदवी टेक्ससमध्ये मिळाली, पण पुढच्या प्रशिक्षणासाठी नेब्रास्काला जावं लागलं. युद्धात युरोपात गेले, ब्राँझ स्टार घेऊन परतले. दवाखान्यात येणाऱ्या माजी सैनिकांची गाऱ्हाणी एकसारखी निघाली: लढाईत एकाच खंदकात, पण घरी आल्यावर इस्पितळात खाट नाही आणि भत्त्याचा कागद पुढे सरकत नाही. १९४८ च्या मार्चमध्ये गार्सियांनी अमेरिकन जी. आय. फोरम काढला.

वर्षभरात फेलिक्स लोंगोरियाचं प्रकरण आलं. हा शिपाई १९४५ मध्ये फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर मारला गेला होता. अस्थी गावी, थ्री रिव्हर्सला, आणायच्या ठरल्या तेव्हा तिथल्या अंत्यविधीगृहाच्या मालकाने विधवेला सांगितलं की अंत्यदर्शनासाठी जागा देता येणार नाही, गोऱ्यांना ते आवडणार नाही. गार्सियांनी तारांवर तारा केल्या. नुकताच सेनेटर झालेल्या लिंडन जॉन्सन यांचं उत्तर आलं, आणि १६ फेब्रुवारी १९४९ रोजी लोंगोरियाला राजधानीलगतच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी मानाने मूठमाती मिळाली. ती बातमी देशभर गेली. गार्सियांच्या फोरममध्ये पुढे एक पंधरा वर्षांचा पोरगा येऊन दाखल होणार होता. त्याच्याकडे वळण्याआधी १९६८ चं फीनिक्स पाहायला हवं.

फीनिक्स, १९६८: तिघे पाहणीवाले

फोर्ड फाउंडेशन या दानसंस्थेला १९६० च्या दशकात एक प्रश्न पडला होता. कृष्णवर्णीयांच्या संघटनांना आपण पैसा देतो, मग नैर्ऋत्येकडच्या राज्यांतल्या मेक्सिकन अमेरिकनांचं काय? त्यांनी तिघांना पाहणीला पाठवलं: एर्नेस्तो गालार्सा, ज्युलियन सामोरा आणि हर्मन गायेगोस. या तिघांच्या फिरस्तीतून १९६८ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात साउथवेस्ट काउन्सिल ऑफ ला रासा जन्माला आली.

गालार्सांवर थोडं थांबायलाच हवं, कारण इतकं वेडंवाकडं आणि तरी सरळ आयुष्य क्वचित दिसतं. १९०५ मध्ये मेक्सिकोच्या नायारित प्रांतात डोंगरातल्या हालकोकोतान या खेड्यात जन्म. क्रांती पेटली तसं आई, मामा आणि हे पोर मजल दरमजल करत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला पोहोचले. इन्फ्लुएन्झाच्या साथीने आई आणि एक मामा नेला. शाळेच्या सुट्टीत मुलगा शेतमजुरांच्या छावणीत राबत होता. छावणीत पोरं आजारी पडू लागली. संशय पिण्याच्या पाण्यावर होता. मोठ्या माणसांत कुणाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून गाऱ्हाणं घेऊन सरकारी अधिकाऱ्याकडे या मुलाला धाडलं गेलं. हा प्रसंग गालार्सांनी ‘बॅरिओ बॉय’ या १९७१ च्या आत्मकथनात सांगितला आहे. गाऱ्हाणं गेलं आणि मुलाचं कामही गेलं.

पुढे ऑक्सिडेंटल कॉलेज, मग स्टॅनफर्ड, मग कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट. वॉशिंग्टनमध्ये पॅन अमेरिकन युनियनची चांगली नोकरी होती. १९४७ मध्ये ती सोडून हे गृहस्थ शेतमजुरांच्या युनियनमध्ये गेले आणि कॅलिफोर्नियात डी जॉर्जिओ या बड्या बागायतदार कंपनीविरुद्धच्या संपात उतरले. संप मोडला. गालार्सांच्या लक्षात आलं की तो मोडण्याचं यंत्र सरकारनेच बसवलेलं आहे. ब्रासेरो योजनेत १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून करारावर मजूर आणले जात. असे सेहेचाळीस लाखांच्या आसपास करार झाले. स्थानिक मजुराने मजुरी वाढवून मागितली की मळेवाल्याच्या दारात करारी मजुरांची बस उभी. गालार्सांनी छावण्या पालथ्या घातल्या, पगाराच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि १९५६ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. १९६४ मध्ये योजना बंद झाली, त्यात या कागदांचा वाटा होता. नंतर शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेस यांचे संप उभे राहिले ते या मोकळ्या झालेल्या मैदानावर. चावेस यांचं नाव जगाला ठाऊक आहे, गालार्सांचं नाही. चिकाटीने कागद गोळा करणाऱ्यांच्या वाट्याला पुतळे कमीच येतात.

सामोरा कोलोरॅडोतल्या पागोसा स्प्रिंग्जचे, जन्म १९२०. कॉलेजात विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक ते एका मताने हरले. खोलीत सोबत राहणाऱ्या मित्राने कबूल केलं की मेक्सिकन माणसाला मत द्यायला त्याचं मन धजावलं नाही. सामोरा समाजशास्त्राकडे वळले यात आश्चर्य ते काय. १९५३ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. समाजशास्त्रात तिथवर पोहोचलेले ते पहिले मेक्सिकन अमेरिकन मानले जातात. नंतर नोत्र दाम विद्यापीठात पंचवीसेक वर्षं शिकवलं आणि विद्यार्थ्यांची एक फळी उभी केली.

गायेगोस तिघांत धाकटे. जन्म १९३०, कोलोरॅडोच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या अग्विलार गावचा. सॅन होजेत एक गरीब वस्ती होती, तिचं नावच ‘साल सी पुएदेस’, म्हणजे ‘जमलं तर निसट इथून’. १९५२ मध्ये फ्रेड रॉस नावाचा संघटक तिथे घरोघरी बैठका घेऊ लागला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांत चावेस होते आणि गायेगोसही. पुढे चावेस शेतात गेले आणि गायेगोस सभागृहांत. फीनिक्सच्या नव्या काउन्सिलचे पहिले कार्यकारी संचालक तेच झाले. पहिले अध्यक्ष मात्र ॲरिझोनाच्या तांब्याच्या खाणीतले युनियनवाले मक्लोव्हियो बरासा.

पैसा कुणाचा, आणि मग ऐकायचं कुणाचं

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळत नाही. लुलॅकचे अध्यक्ष तिच्या अधिवेशनात प्रतिनिधी निवडतात. ला रासा काउन्सिल ही सभासदांची संघटना नाही. गावोगावचे दवाखाने, शाळा, घरबांधणी संस्था, साक्षरता वर्ग तिच्याशी संलग्न असतात. आज अशा संस्था तीनशेच्या घरात आहेत. प्रमुख नेमतं ते संचालक मंडळ. त्यामुळे ‘तुम्हाला निवडलं कुणी?’ हा प्रश्न या पुढाऱ्यांना पहिल्यापासून चिकटलेला आहे. त्याला जोडून दुसरा: तुमचा पगार कोण देतं?

सुरुवातीला मुख्यतः फोर्ड फाउंडेशन देत असे. १९६८ मध्येच फोर्डने मालडेफ या कायदेशीर लढाईच्या संस्थेलाही बावीस लाख डॉलर दिले. १९६९ मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनिओत भडका उडाला. ला रासाच्या मदतीवर चालणाऱ्या एका स्थानिक संस्थेचे धागे मायो या तापट तरुणांच्या संघटनेशी जुळले होते. खासदार हेन्री गोन्सालेस यांनी काँग्रेसमध्ये फोर्डवर तोफ डागली. गोन्सालेस स्वतः मेक्सिकन अमेरिकन, आपल्या मतदारसंघात परक्या पैशाने नवे पुढारी उगवलेले त्यांना खपेनात. त्याच वर्षी करकायदा बदलला आणि फाउंडेशनच्या पैशाने मतदार नोंदवण्यावर बंधनं आली. काउन्सिल घरबांधणी, व्यवसाय, शिक्षण अशा सभ्य कामांकडे वळली. मतदार नोंदणीचं काम सॅन अँटोनिओच्या विली वेलास्केस यांनी १९७४ मध्ये स्वतंत्र संस्था काढून हाती घेतलं. माझ्या मते संघटनेचा स्वभाव १९६८ च्या स्थापनेपेक्षा या १९६९ च्या चटक्याने घडला. १९७२ मध्ये नाव नॅशनल काउन्सिल ऑफ ला रासा झालं आणि मुक्काम वॉशिंग्टनला पडला.

बोटीवर पळून गेलेला मुलगा

आता तो पंधरा वर्षांचा पोरगा. राऊल इसागिर्रे, जन्म १९३९, टेक्ससच्या अगदी दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे खोऱ्यातलं सान हुआन गाव. आजीआजोबांनी वाढवलं. तेराव्या वर्षी घर सोडून कॉर्पस क्रिस्टीला गेला आणि खोल समुद्रात जाणाऱ्या मासेमारी बोटीवर कामाला लागला. समजूत काढून त्याला परत आणलं, शाळेत घातलं. मधल्या काळात डॉ. गार्सियांची ओळख झाली होती. पंधराव्या वर्षी त्याने जी. आय. फोरमची मुलांची शाखा काढली. मग हवाई दलाच्या वैद्यकीय विभागात चार वर्षं, वॉशिंग्टनमध्ये पदवी, आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या लिंडन जॉन्सन यांच्या गरिबी हटवण्याच्या खात्यात नोकरी.

१९७४ मध्ये ते ला रासाचे प्रमुख झाले आणि २००४ पर्यंत राहिले. तीस वर्षं. आपल्याकडे सहकारी संस्थांतही एवढी खुर्ची टिकली तर लोक भुवया उंचावतात. पण या तीस वर्षांत त्यांनी संघटनेचं रूपच बदललं. सुरुवातीची संस्था मेक्सिकन अमेरिकनांची होती. इसागिर्रे यांनी पोर्तोरिकन, क्यूबन, मध्य अमेरिकेतले, सगळ्यांना एका छत्राखाली आणलं. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. मायामीतल्या क्यूबन निर्वासिताचं राजकारण वेगळं, न्यूयॉर्कचा पोर्तोरिकन तर जन्मजात अमेरिकन नागरिक, त्याला स्थलांतराच्या कायद्याशी काय देणंघेणं?

त्यांना एकत्र बांधायला आकडा हवा होता. १९७० च्या जनगणनेत हिस्पॅनिक असण्याचा प्रश्न फक्त पाच टक्के घरांना विचारला गेला होता. आकडे तोकडे निघाले आणि आरडाओरड झाली. इसागिर्रे आणि इतर संघटनांनी जनगणना खात्याच्या सल्लागार बैठकांत ठाण मांडलं. १९८० मध्ये प्रश्न सगळ्यांना विचारला गेला आणि उत्तर आलं एक कोटी सेहेचाळीस लाख. खासदाराला, टीव्हीवाल्याला, साबण विकणाऱ्या कंपनीला पहिल्यांदा कळलं की ही एवढी मंडळी आहेत. संघटनेने आकडे जुळवून अहवाल काढायचे, वर्तमानपत्रांनी छापायचे, असा शिरस्ता पडला. गालार्सांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांचीच ही सुधारित आवृत्ती.

रेगन यांच्या काळात सरकारी पैसा आटला तेव्हा इसागिर्रे मोठ्या कंपन्यांच्या दारी गेले. १९८६ च्या स्थलांतर कायद्यात कागद नसलेला मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंड होता. संघटनेची भीती अशी की मालक कटकट नको म्हणून सावळ्या रंगाच्या प्रत्येकालाच नकार देतील. १९९० मध्ये सरकारच्याच हिशेबतपासणी कार्यालयाने असा भेदभाव मोठ्या प्रमाणावर होत असल्याचं म्हटलं. १९९४ मध्ये टीव्हीवर हिस्पॅनिक माणूस किती दिसतो आणि कसा दिसतो यावर अहवाल निघाला. पुढच्या वर्षी, नुसती तक्रार नको म्हणून, कलावंतांसाठी आल्मा पुरस्कार सुरू झाले. निवृत्तीनंतर इसागिर्रे डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये राजदूत होते, आणि २०२२ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं.

बायका

आतापर्यंतची नावं सगळी पुरुषांची आहेत, आणि हे त्या काळातही बायकांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. १९७३ मध्ये ला रासाने ठरवलं की संचालक मंडळात निम्म्या स्त्रिया असतील. त्या वेळच्या कुठल्याही मोठ्या संघटनेच्या मानाने हा निर्णय पुढचा होता.

बाहेर ग्रासिएला ओलिवारेस होत्या. ॲरिझोनातल्या, शाळा अर्धवट सोडलेल्या, फीनिक्सच्या स्पॅनिश रेडिओवर निवेदिका. शाळेचा दाखला नसताना १९७० मध्ये नोत्र दामच्या विधी महाविद्यालयातून पदवी घेणारी पहिली स्त्री त्याच. मालडेफला १९७३ ते १९८२ विल्मा मार्तिनेस यांनी सावरलं. सॅन अँटोनिओच्या एका सुताराची ही मुलगी. शाळेतल्या मार्गदर्शकाने हिला हातकामाच्या शाळेत जा असं सुचवलं होतं, ती कोलंबिया विद्यापीठाची वकील झाली. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत बसू द्यावं लागेल, हा १९८२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मालडेफने लढवलेल्या खटल्यातला.

आर्जेंटाइन नावाचा मोहल्ला

कॅन्सस सिटीत आर्जेंटाइन नावाची वस्ती आहे. त्या देशाशी तिचा संबंध नाही. तिथे चांदी गाळण्याची भट्टी होती, म्हणून चांदीच्या लॅटिन नावावरून हे नाव पडलं. रेल्वेच्या कामावर आलेले मेक्सिकन तिथे स्थिरावले. मिचोआकान प्रांतातून आलेल्या अल्फ्रेदो आणि अमालिया मुर्गिया यांची सात मुलं याच वस्तीत वाढली. वडील पोलाद कारखान्यात, आई घरी शेजारपाजारची मुलं सांभाळणारी. सातांतली चार वकील झाली. मेरी आणि जॅनेट या जुळ्या. मेरी पुढे नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या आणि जानेवारी २००५ मध्ये जॅनेट यांनी ला रासाची सूत्रं घेतली.

जॅनेट मुर्गियांकडे पत्रकारिता, स्पॅनिश आणि कायदा अशा तीन पदव्या, एका खासदाराच्या कचेरीतली सात वर्षं आणि क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमधला अनुभव होता. संप किंवा मोर्चा त्यांच्या पूर्वायुष्यात नाही. विधेयक कोणत्या समितीत अडतं आणि ते हलवायला कुणाला फोन करायचा, हे त्यांना ठाऊक होतं. अडचण एवढीच की स्थलांतर सुधारणेचं विधेयक काही केल्या हलेना. २००७ मध्ये पडलं. २०१३ मध्ये सेनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, तर खालच्या सभागृहाने चर्चेलाच घेतलं नाही. ओबामांच्या काळात देशाबाहेर काढलेल्यांची संख्या मात्र वाढत गेली. मार्च २०१४ मध्ये मुर्गियांनी भर कार्यक्रमात ओबामांना ‘डिपोर्टर-इन-चीफ’ म्हटलं, म्हणजे हकालपट्टीचे सरसेनापती.

यातला पेच असा की त्या वेळी ओबामांच्या देशांतर्गत धोरण मंडळाच्या प्रमुख सेसिलिया मुन्योस होत्या. डेट्रॉइटला बोलिव्हियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या मुन्योस अनेक वर्षं ला रासामध्येच होत्या, स्थलांतराच्या प्रश्नावरचा संघटनेचा आवाजच होत्या. आता त्या आतून सरकारची बाजू मांडत होत्या आणि त्यांच्या जुन्या वरिष्ठ बाहेरून वाभाडे काढत होत्या. साल सी पुएदेसच्या वस्तीतल्या बैठका इथवर येऊन पोहोचल्या होत्या.

नावाची भानगड

‘ला रासा’ या स्पॅनिश शब्दांचा कोशातला अर्थ ‘वंश’. मेक्सिकन लोकांच्या तोंडी मात्र तो ‘आपली माणसं’ असा, ममत्वाचा. त्यामागे मेक्सिकन लेखक होसे वास्कोन्सेलोस यांच्या १९२५ च्या पुस्तकातली मिश्र मानववंशाची कल्पना आहे. विरोधकांनी कोशातला अर्थ उचलला आणि ही वंशवादी संघटना असल्याचा बोभाटा वर्षानुवर्षं केला. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी न्यायाधीश गोन्सालो क्युरिएल यांच्यावर टीका केली, तेव्हा त्यांचं ‘ला रासा’शी नातं काढलं गेलं. क्युरिएल ज्या वकील संघटनेत होते ती सॅन डिएगोची, निराळीच. नाव तेवढं सारखं.

शेवटी जुलै २०१७ मध्ये मुर्गियांनी नवं नाव जाहीर केलं: उनिदोस-यूएस. उनिदोस म्हणजे एकत्र आलेले. तरुण पिढीला जुनं नाव आपलं वाटत नाही, असं कारण दिलं गेलं. जुन्या कार्यकर्त्यांतल्या काहींना हे विरोधकांपुढे मान तुकवणं वाटलं. घोषणा झाली ती फीनिक्समधल्या वार्षिक अधिवेशनात, म्हणजे ज्या शहरात जुनं नाव ठेवलं गेलं त्याच शहरात.

२०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिकांची संख्या सहा कोटी एकवीस लाख निघाली, देशाच्या जवळजवळ एकोणीस टक्के. त्यांतल्या कित्येकांनी ‘वंश कोणता’ या पुढच्या प्रश्नापाशी अडून ‘इतर’वर खूण केली होती. म्हणून मार्च २०२४ मध्ये सरकारने दोन्ही प्रश्न एकत्र करायचं ठरवलं. त्याप्रमाणे झालं, तर पुढच्या फॉर्मवर एडिसनच्या मराठी घराला आधी ‘नाही’ म्हणावं लागणार नाही. एकाच यादीत एशियन असेल आणि त्याच यादीत हिस्पॅनिकही.